भिंत थर्मोकोलची वाटते, कारण सीनचं माप चुकलंय

फोनवर शूट केलेला खरा ट्रॅक्टर कॉम्प्युटरवर केलेली कंपाउंडची भिंत पाडतो, अशी क्लिप तुम्ही टाकलीत आणि ती खरी का वाटत नाही असं विचारलंत. ती भिंत एखाद्या फ्रेमवर थांबवून पाहिली तर अगदी खरी वाटते. रंग, सावली, कोन, सगळं बसलंय. प्ले केलं की मात्र ट्रॅक्टरची धडक बसते आणि विटा थर्मोकोलसारख्या तरंगत खाली येतात. तुमच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी धूळ वाढवा, कॅमेरा हलवा असं सांगितलंय. ते आत्ता बाजूला ठेवा. हे दुखणं मला चांगलं ओळखीचं आहे, माझे सगळ्यात जास्त दिवस यानेच खाल्लेत. (मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरपुरतंच बोलतोय. हूडिनी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची रीत वेगळी असेल.)

कॅमेरा ट्रॅकर (कॅमेरा कसा हलला ते ओळखणारा भाग) फुटेजवरून कोन आणि खोली काढतो, पण भिंत १.८ मीटरची आहे की १८ मीटरची, हे कळायला त्याच्याकडे काही मार्गच नसतो. सीन दहापट मोठा झाला तर कॅमेराही दहापट लांब जातो, म्हणून चित्र तंतोतंत जुळतं आणि चूक डोळ्याला दिसत नाही. फिजिक्स, म्हणजे पडण्या-आदळण्याचं गणित करणारा भाग, मात्र ते माप खरं धरतं आणि गुरुत्वाकर्षण ९.८१च ठेवतं. सहा फुटांवरची वीट साधारण ०.६ सेकंदात, म्हणजे २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) १५ फ्रेममध्ये जमिनीवर आली पाहिजे. भिंत १८ मीटरची असेल तर त्याच विटेला ४८ फ्रेम लागतात. तुमच्या क्लिपमध्ये वरच्या थरातली वीट मोजून बघा, चाळिशीच्या पुढे जाते.

उपाय टेपने होतो. जागेवर जाऊन फुटेजमध्ये ठळक दिसणाऱ्या दोन खुणांमधलं अंतर मोजा, उदाहरणार्थ गेटची बिजागरी आणि खांबाची कड. क्लिप एडिटरमध्ये त्या दोन जागचे मार्कर (ट्रॅकरने धरलेले ठिपके) निवडा, ओरिएंटेशनमधल्या सेट स्केलला ते अंतर मीटरमध्ये द्या. मग भिंत खऱ्या मापाने नव्याने उभी करा. जुनीच लहान करायची असेल तर कंट्रोल-ए करून स्केल अप्लाय करा आणि जुना बेक (आधी मोजून साठवलेली हालचाल) पुसून टाका, नाहीतर तीच तरंगणारी चाल पुन्हा दिसेल. शेवटी भिंतीच्या माथ्यावरून एक क्यूब सोडा आणि फ्रेम मोजा. १५ आल्या की पुढे जा.

मी ज्या क्लासला पैसे भरले तिथे यावर ‘ग्रॅव्हिटी वाढवा’ एवढंच शिकवायचे. माप कोणी विचारलंसुद्धा नाही. ग्रॅव्हिटी दहापट केली तर पडण्याचा वेग जुळतो हे खरं, पण धडकेचा वेग, धुराचा डोमेन (धूर ज्या चौकटीत मोजला जातो ती), तुकडे कधी स्थिर व्हायचे याची मर्यादा, यातलं प्रत्येक मग वेगळं ताणत बसावं लागतं. मला ही पद्धत अजिबात मान्य नाही.

आता भिंतीबद्दल. अख्ख्या भिंतीला सेल फ्रॅक्चर (वस्तूचे तुकडे करणारं ब्लेंडरचं ॲड-ऑन) लावू नका. त्याचे बहुकोनी तुकडे दगडाला किंवा काँक्रीटच्या ढेकळाला शोभतात. विटांची भिंत सांध्यातून, पायऱ्यापायऱ्यांनी सुटते. ९ × ४ × ३ इंचाची एक वीट करून तिचे थर रचा, सांधमोड ठेवा (वरच्या थराचा सांधा खालच्याच्या सांध्यावर येऊ देऊ नका), आणि मधूनमधून चार-पाच विटा एकत्र जोडून ठेवा, कारण सिमेंटने धरलेले असे गठ्ठे खऱ्या ढिगात हमखास असतात. सेल फ्रॅक्चर फक्त धडकेच्या जागेजवळच्या विटांना आणि गिलाव्याला. गिलावा १५ ते २० मिलिमीटरचा स्वतंत्र थर हवा, तो पापुद्र्यासारखा मोठ्या तुकड्यांत सुटतो.

रिजिड बॉडीत (ठोस वस्तूंच्या फिजिक्सच्या सेटिंगमध्ये) बाउन्सिनेस ०, फ्रिक्शन ०.७ च्या आसपास. वजन कॅल्क्युलेट मासमधून विटेचं घ्या. स्टार्ट डीॲक्टिव्हेटेड लावलं नाही तर धडकेआधीच भिंत थरथरते. पहिल्याच फ्रेमला स्फोट झाल्यासारखे तुकडे उडाले तर ते एकमेकांत घुसलेत. मेश शेप वापरत असाल तर मार्जिन (टक्कर धरण्यासाठी तुकड्याभोवती सोडलेलं अंतर) पाहा: ०.०४ म्हणजे ४ सेंटीमीटर, विटेच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त. सबस्टेप्स (एका फ्रेममध्ये फिजिक्स किती वेळा मोजायचं तो आकडा) १० वरून २५ करा.

मोशन ब्लरचं, म्हणजे हलत्या वस्तूच्या पुसटपणाचं, गणित बहुतेक जण सोडून देतात. भर उन्हात फोन साधारण १/१००० सेकंदाच्या एक्स्पोजरवर शूट करतो, तर ब्लेंडरचं शटर मुळात ०.५ असतं, म्हणजे २५ एफपीएसला १/५०. खरा ट्रॅक्टर कोरा-करकरीत आणि विटा पुसट, असं झालं की जोड उघडा पडतो. एफपीएसला एक्स्पोजरच्या वेळेने गुणा: २५ × १/१००० = ०.०२५. तो आकडा शटरला द्या. पुढच्या वेळी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावून १/५० वरच शूट करा. फोनचं स्टॅबिलायझेशन बंद, फोकस-एक्स्पोजर लॉक. फोनचं फुटेज बहुधा व्हेरिएबल (कमीजास्त होणाऱ्या) फ्रेम रेटचं असतं, ते आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये कॉन्स्टंट करून घ्या, नाहीतर क्लिपच्या शेवटाकडे ट्रॅक सरकतो.

धूळ सगळ्यात शेवटी. खरी धूळ शूट करणं मला सिम्युलेशनपेक्षा आवडतं: काळ्या कापडापुढे चाळलेली माती, मागून ऊन, १२० एफपीएस. दहापट लहान ढग मोठा वाटायचा तर वेग दहाच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे ३.२ पट मंद करा. मैदा नको, हवेत उडालेलं पीठ ठिणगीने पेट घेतं. चुनाही नको, डोळ्यांत जातो. आणि आकाशापुढे येणारी धूळ स्क्रीन मोडवर (उजेडात उजेड मिसळणारी पद्धत) टाकू नका, पांढऱ्या आकाशात ती विरून जाते. तिथे तोच शॉट मॅट (कुठे किती दिसायचं ते ठरवणारा साचा) म्हणून वापरून आकाशापेक्षा गडद, मातकट रंग भरा. ढग धडकेनंतर दोन-तीन फ्रेमनी उठू द्या आणि शेवटची वीट थांबल्यावरही तो हवेत राहू द्या.