हाडं हलवली, तर आशा हलते का?

2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस झाला की पुनरुत्थानाविषयीची, म्हणजे मेलेले शेवटच्या दिवशी पुन्हा जिवंत उठतील या ख्रिस्ती विश्वासाविषयीची, पत्रं वाढतात. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : बाबांना पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) कबरस्तानात पुरून दोन वर्षं होत आली. आता कबर उघडून हाडं दुसरीकडे ठेवणार, असा ऑफिसातून निरोप आलाय. आईचं जेवणावरून मन उडालंय. "हाडंच हलवली तर शेवटच्या दिवशी ते उठणार कुठून?" असं विचारते. (वाचक, कुर्ला)

मुंबईत जागा नाही, म्हणून बहुतेक कबरी काही काळाने पुन्हा वापराव्या लागतात. कुठे दीड वर्षाने, कुठे त्याहून उशिरा. प्रत्येक कबरस्तानाचा नियम वेगळा. पण आईंना हे जरूर सांगा, की हाडं हलवणं ही पवित्र शास्त्राला अनोळखी गोष्ट नाही. आपल्या अस्थी मिसरातून न्याव्यात, अशी शपथ योसेफाने घातली होती. मोशेने त्या बरोबर घेतल्या आणि शेवटी त्या शखेमात पुरल्या गेल्या (निर्गम 13:19, यहोशवा 24:32). येशूच्या काळी यरुशलेमच्या आसपास अनेक घराणी मृतदेह खडकातल्या कबरीत ठेवत आणि साधारण वर्षभराने हाडं गोळा करून दगडी पेटीत भरत. आपला मेलेला भाऊ लाजर शेवटच्या दिवशी उठेल, असं येशूला म्हणणारी मार्था याच लोकांतली. बाबांना उठवणारा देव आहे. त्यासाठी त्याला कबरीचा नंबर लागत नाही.

आता कामाचं. दफनाची पावती शोधून ऑफिसात जा आणि तीन गोष्टी विचारा : तारीख कोणती, भिंतीत निश (अस्थी ठेवायचा कोनाडा) मिळेल का, आणि न मिळाल्यास अस्थी सामायिक विहिरीत (अनेकांच्या अस्थी एकत्र ठेवायच्या जागी) जाणार असतील तर रजिस्टरमध्ये नाव राहील का. शक्य असेल तर तारीख उन्हाळ्याची मागा. पावसाळ्यात माती पाण्याने भरते, काम नीट होत नाही. देह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असेल, कपडे सिंथेटिक असतील किंवा पेटी जाड पॉलिशची असेल, तर विघटन अपुरं राहिलेलं असू शकतं. तसं दिसलं तर कबर परत बुजवून काही महिने थांबायला सांगा, घाई करू देऊ नका. कबर उघडताना घरातल्या एकाच धीराच्या माणसाने उभं राहावं. हाडं स्वच्छ करून पांढऱ्या कापडात बांधली, की मग आईंना आत आणा. फादरना छोट्या प्रार्थनेसाठी आधीच सांगून ठेवा. तिथे यहेज्केल 37 वाचता येईल. सुक्या हाडांचं ते दर्शन मुळात बंदिवासातल्या इस्राएलाबद्दल आहे, पण हाडांकडे पाहून "ही जिवंत होतील काय?" हा प्रश्न देव स्वतःच विचारतो, हे आईंना ऐकू द्या.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश होता. शेवटी ती मला "तू कोण?" विचारायची. पुनरुत्थानात मला कोणती आई भेटेल? ती मला ओळखेल का? (वाचक, बोरिवली)

पुनरुत्थानात आपलं वय काय असेल, हे शास्त्र सांगत नाही. संत ऑगस्टीनने ख्रिस्ताच्या वयाशी, म्हणजे तिशीच्या आसपासशी, सांगड घातली होती. तो त्याचा विचार, मंडळीवर (चर्चवर) बंधनकारक शिकवण नव्हे. शास्त्र जे सांगतं ते मात्र तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं. प्रेषित पौल लिहितो, की देह अशक्तपणात पेरला जातो आणि सामर्थ्यात उठवला जातो (1 करिंथ 15:43). मेंदूही देहच आहे. आईची स्मृती नेणारा आजार ही देहाची अशक्तता होती, आणि ती देवाने उठवायच्या यादीतून वगळलेली नाही.

ओळखीबद्दल योहानाचा 20 वा अध्याय सावकाश वाचा. मग्दालीया मरिया कबरीपाशी रडते आहे. येशू समोर उभा आहे आणि ती त्याला माळी समजते. तो फक्त "मरिये" म्हणतो, तेव्हा ती वळून "रब्बूनी" (गुरुजी) म्हणते. ओळख पटली ती त्याने नावाने हाक मारल्यावर. तिच्या आठवणीच्या बळावर नव्हे. पुढे थोमा या शिष्याला तो हाताकुशीचे व्रण दाखवतो. म्हणजे आयुष्यात जे घडलं ते पुसलं गेलं नाही, त्याची वेदना मात्र उरली नाही. लूक 24 मध्ये तो भाजलेला मासा खातो, योहान 21 मध्ये किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. ही सावली नव्हे, माणूस आहे, आणि तोच माणूस आहे. आईच्या बाबतीत आम्ही याहून कमी आशा धरणार नाही. पुनरुत्थानात लग्नसंबंध नसतील, असं येशूने सांगितलंय (मत्तय 22:30), म्हणजे नाती आजच्यासारखीच राहतील असं वचन नाही. पण आई तुम्हाला परकी होईल, असंही त्यातून निघत नाही.

प्रश्न : पती गेल्यावर प्रार्थनासभेत काहींनी सांगितलं, "विश्वासणाऱ्यांनी रडायचं नसतं, ते देवाघरी सुखात आहेत." मला रोज रडू येतं. 1 करिंथ 15 वाचायला घेते, पण डोक्यात शिरत नाही. (वाचक, भायखळा)

बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण शिकवण चुकीची आहे. पौल थेस्सलनीकाकरांना "शोक करू नका" एवढंच म्हणत नाही. आशा नसलेल्या लोकांसारखा करू नका, असं म्हणतो (1 थेस्सल 4:13). लाजराला आपण उठवणार, हे ठाऊक असतानाही येशू रडला. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तेही प्रार्थना म्हणूनच शास्त्रात आहे. मोकळेपणी रडा. मात्र अनेक आठवडे झोप आणि जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर पाळकांबरोबरच डॉक्टरांनाही लगेच भेटा. त्यात विश्वासाची उणीव नाही.

58 वचनांचा अध्याय दुःखात एका बैठकीत वाचला की शब्द नुसते डोळ्यांखालून जातात. पाच दिवसांत, सकाळी, मोठ्याने वाचा. पहिल्या दिवशी 1 ते 11 : ही साक्षीदारांची यादी. केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, पाचशेंहून अधिक बंधू. वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांत पौल लिहितोय, की त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. दुसऱ्या दिवशी 12 ते 19 : ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं पौलच म्हणतो. शंका दडपू नका, त्याने ती लिहून ठेवलीय. तिसऱ्या दिवशी 20 ते 28. इथे थांबा. 26 व्या वचनात मरणाला "शेवटचा शत्रू" म्हटलंय. तुमच्या पतीला नेलं ते शत्रूने, आणि त्या शत्रूचा शेवट ठरलेला आहे. "झालं ते बऱ्यासाठीच" असं कुणी म्हणालं आणि तुमचं मन बंड करून उठलं, तर शास्त्र तुमच्या मनाच्या बाजूने आहे. 29 ते 34 सध्या सोडा. 29 व्या वचनाच्या अर्थावर अभ्यासकांचंही एकमत नाही, तिथे अडकाल. चौथ्या दिवशी 35 ते 49, पेरलेल्या दाण्याचा भाग. पाचव्या दिवशी 50 ते 58. सुरुवात प्रकटीकरणापासून करू नका. त्यातल्या चिन्हांचा उलगडा करण्याइतकी ताकद आत्ता नसते.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. भावाचं दहन केलं, अस्थी घरात कपाटावर आहेत. बहीण म्हणते तिघांत वाटून घेऊ. चालेल का? (वाचक, माहीम)

दहनाला हरकत नाही. 1886 मध्ये कॅथलिक चर्चने बंदी घातली, कारण काही जण पुनरुत्थान नाकारण्यासाठी मुद्दाम दहन निवडत होते. 1963 मध्ये ती उठवली गेली. राखेमुळे देवाला अडत नाही. इ.स. 177 मध्ये लियोंच्या हुतात्म्यांचे देह जाळून राख रोन नदीत फेकली होती, त्यांची पुनरुत्थानाची आशा बुडावी म्हणून. मंडळी आजही त्यांना संत मानते.

पण व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेनुसार अस्थी घरी ठेवू नयेत, वाटू नयेत, समुद्रात सोडू नयेत. कबरस्तानात किंवा चर्चने ठरवलेल्या जागी ठेवाव्यात. 2023 मध्ये थोडी सवलत आली : चर्चच्या अधिकाऱ्यांची परवानगी असेल, तर अगदी छोटा भाग मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवता येतो. तिघांत वाटणी त्यात बसत नाही. पॅरिश ऑफिसात मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती घेऊन जा, निशची चौकशी करा आणि फादरना दिवस विचारा. अस्थी ठेवण्याआधी कलशावर नाव व तारीख पक्क्या रंगाने लिहून घ्या. कागदी लेबल मुंबईच्या दमट हवेत निघून येतं. बहिणीला आठवण जवळ हवी असेल, तर भावाची जपमाळ तिला द्या.