फॅटी लिव्हर आणि बदललेला स्वभाव

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघाल्यापासून मिस्टर गप्प असतात, लगेच चिडतात, सांगितलेलं काही पाळत नाहीत. हा मूळचा स्वभाव की आजाराचा परिणाम? आणि तुम्ही त्यांच्या किती मागे लागायचं? मला स्वतःला हा आजार बरीच वर्षं आहे, त्यामुळे दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते.

ग्रेड २ म्हणजे यकृतात चरबी मध्यम प्रमाणात आहे, एवढंच. यकृत कितपत कडक झालंय ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांना फिब-४ काढायला सांगा. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट्स यांवरून तो आकडा निघतो. १.३ च्या खाली आला तर सहसा काळजी नसते, वर आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून बघतात. ज्या भीतीने ते गप्प झालेत, तिचं खरं-खोटं या आकड्याने बरंचसं ठरेल, म्हणून हे आधी.

आता स्वभाव. नुसती चरबी माणसाचा स्वभाव पालटत नाही. पण या आजाराच्या लोकांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं. सततच्या ताणाने कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, पोटावर चरबी साठते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. उलट बाजूने शरीरातली सौम्य सूज, बिघडलेली झोप आणि थकवा मन खाली ओढतात. थकव्याबद्दल घरच्यांनी एक लक्षात ठेवायला हवं: यकृताला इजा कमी असली तरी थकवा प्रचंड असू शकतो. 'रिपोर्ट तर एवढा वाईट नाही, मग झोपून का राहतोस?' हे वाक्य फार लागतं. ते घोरत असतील, सकाळी उठूनही दमलेले असतील, तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबण्याची) तपासणी करून घ्या. या आजारासोबत तो वारंवार असतो आणि त्याने चिडचिड खूप होते.

त्यात अपराधीपणाची भर पडते. लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोक्यात आधी दारू येते, आणि दारू नसेल तर 'खाण्यावर ताबा नाही' हा शिक्का तयार असतो. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी आजाराचं इंग्रजी नावच बदललं. त्यामागे अशी लाज वाटायला लावणारे शब्द टाळायचे, हेही एक कारण होतं. जगात साधारण तीनातल्या एका प्रौढाला हा आजार आहे. एवढी माणसं काही आळशी नसतात, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

मूळ स्वभावाचाही वाटा असतो, पण तो औषधोपचार कसा पेलवेल यात. योहान डेनोलेट या मानसशास्त्रज्ञांनी हृदयरुग्णांचा अभ्यास करताना 'टाइप डी' नावाची ठेवण मांडली: मनात सतत काळजी आणि उदासी, पण लोक काय म्हणतील म्हणून ती बोलून न दाखवणं. असा माणूस डॉक्टरांसमोर 'सगळं ठीक आहे' म्हणतो आणि घरी येऊन कुढतो. चार लोकांत वजन विचारलं की तो पुन्हा दवाखान्यात जायचंच टाळतो. तुमच्या वर्णनावरून मिस्टर असेच वाटतात. त्यांना वॉकिंग ग्रुपमध्ये ढकलू नका. एकट्याने किंवा फक्त तुमच्यासोबत चालू द्या. उद्दिष्टही लहान ठेवा: ५ टक्के वजन उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. ९० किलोच्या माणसासाठी ते साडेचार किलो. यकृताची सूज उतरायला ७ ते १० टक्के लागतात, पण तो आकडा आज त्यांच्यासमोर नको.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी वजन वाढतं, म्हणून फॅटी लिव्हर असल्याचं त्या डॉक्टरांना आधीच सांगा. मात्र चालू झालेली गोळी मनाने बंद करायची नाही.

एक वेगळी शक्यताही माहीत असू द्या. सिरोसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्यापर्यंत, गेलेल्या आजारात अमोनियासारखी द्रव्यं मेंदूवर परिणाम करतात. दिवसा झोप आणि रात्री जाग, अक्षर बिघडणं, हात थरथरणं, विसंगत बोलणं अशी लक्षणं दिसतात. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही, पण दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

राहिला मागे लागण्याचा प्रश्न. ताटावर नजर ठेवणं आजच सोडा. प्रत्येक घासाला टोकलं की माणूस लपून खायला लागतो. घरात गोड पेयं आणणंच बंद करा, म्हणजे बोलायची वेळच येणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत जा, पण थकव्याबद्दल त्यांना स्वतःला बोलू द्या. जमत नसेल तर घरीच चार ओळी त्यांच्या हातून लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.