पांदणीने जाणाऱ्या पोरास

बेटा,

चार लोकांत जायचं भेव वाटतं, काय करू, असा तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, म्हणजे नऊपासून लिहीत-खोडत बसला असशील. मी कागदावर उत्तर देतेय. मोबाइलवर माझी बोटं अडखळतात, आणि कागद तू घडी करून खिशात ठेवशील हे मला माहीत आहे.

पारावर चार माणसं बसली असली की तू मागच्या पांदणीने स्टँडवर जातोस, हे मी कधीपासून पाहते. चुलतभावाच्या लग्नात हळदीला होतास, पंगतीला गायब. तोंडी परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या फाटकातून परत आलास, ते मात्र आता कळलं. वर लिहिलंस, "काकू, तुम्ही कोणाच्याही घरात जाऊन बोलता, तुमाले भेवच नाही." वाचून हसू आलं, आणि तुमच्याच घरातला एक दिवस आठवला.

2013 चा पावसाळा. तुझी धाकटी बहीण तीन दिवसांची होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आम्हा आशा सेविकांना सहा वेळा जावं लागतं: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. माझी ती पहिलीच घरभेट. तुमच्या ओसरीत तुझी आजी, दोन आत्या, शेजारपाजारच्या बाया. मी गावची सून, दहावीपर्यंत शिकलेली, साडीचा काठ उसवलेला आणि त्याला वीतभर चिखल. काय विचारायचं ते घरून पाठ करून आले होते, ते उंबऱ्यातच सांडलं. आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे सगळ्यांत जास्त मीच ऐकत होते. शेवटी रजिस्टर काढलं आणि त्यात डोकं घातलं.

मग श्वास मोजायची वेळ आली. पोट वर-खाली होतं त्यावरून पूर्ण एक मिनिट मोजायचे. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर धोक्याची खूण. नवं बाळ काही एका लयीत श्वास घेत नाही. तीन-चार पटपट घेतं, मग थांबल्यासारखं करतं. नजर हलली की आकडा गेलाच. पहिल्यांदा मी तेविसावर चुकले, कारण कान तुझ्या आत्यांच्या कुजबुजीकडे होता. पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस. घड्याळ खाली ठेवलं तेव्हा ध्यानात आलं, हात थरथरत नव्हता. तो कधी थांबला ते मला आजही सांगता येणार नाही.

(हे मोजणं आपल्या विदर्भातलंच बरं का. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, 1999 साली त्याचा अभ्यास 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला, आणि पुढे ते काम देशभरच्या आशांकडे आलं.)

तू तेव्हा दाराआड उभा होतास. मग सांग, माझी साडी कोणत्या रंगाची होती? उसवलेला काठ दिसला होता? मागच्या महिन्यात मी तुझ्या आईला विचारलं. तिला एवढंच आठवतं, की मी म्हणाले होते, आज अंघोळ नको, बाळाला गुंडाळून छातीशी घे. त्या काठापायी मी मात्र रात्रभर कूस बदलत होते.

याचा कोणी प्रयोगही केलाय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सोबत्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. किती जणांनी पाहिलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा. खरं पाहिलं होतं पाव जणांच्या आसपास. 2000 साली हे छापून आलं. आता पाव म्हणजे कोणीच नाही असं नव्हे, तुला खोटा धीर देत नाही. काहींना तुझा चेहरा लाल झालेला दिसेलच. पण त्यांना कापसाचा भाव आहे, बोअरला पाणी नाही, पोरीचं जमत नाही. तुझ्या चेहऱ्यापाशी ते किती वेळ थांबतील?

एका प्रशिक्षणात मानसोपचाराच्या मॅडमनी आम्हाला हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. 1995 साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की लोकांचं भेव वाटणाऱ्या माणसाचं लक्ष चार लोकांत गेल्यावर आत वळतं. छाती धडधडतेय, कान तापलेत, यावरून तो ठरवतो की बाहेरून आपण कसे दिसतो, आणि मनातलं ते चित्रच खरं धरतो. समोरच्याचा चेहरा पाहायचाच राहतो. मग सांभाळायला लागतो. वाक्य आधी मनात घोळवतो, चहाचा ग्लास घट्ट धरतो. घट्ट धरला की हात जास्त कापतो, हे तू स्वतः करून बघ. तुझी पांदण त्यातलीच. माझं रजिस्टरही.

म्हणून 'भेव सोडून दे' असं मी म्हणणार नाही. ते कोणाच्या हातात असतं? लक्ष कुठे ठेवायचं ते थोडंफार हातात असतं, आणि तेही सवयीने. लक्ष हे ओढाळ गाईसारखं आहे. दहादा तुरीत शिरेल. मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, हाकलून परत रस्त्याला लावायचं. अकराव्यांदा शिरली तरी तेच. आधी भेव नसेल तिथे कर: दळण आणायला गेलास की गिरणीवाल्याचं बोलणं नीट ऐक आणि घरी येऊन आईला त्याच्याच शब्दांत सांग. सांगता आलं नाही, तर त्या वेळी तू कुठे होतास ते कळेल.

पंगतीचं म्हणशील तर बसू नकोस, वाढायला उभा राहा. वरणाची बादली हातात घे. कोणाचा भात कोरडा राहिला, कोणत्या म्हाताऱ्याला पोळी चावत नाही, कोण लाजून 'पुरे' म्हणतो, हे बघत गेलास की तुझे कान किती तापले ते तपासायला वेळ उरणार नाही. पण एक सांगून ठेवते. मी दोन वर्षं रजिस्टरमागे लपले होते आणि सगळे म्हणायचे, आशाताई किती कामसू! बादलीचा तसा आडोसा करू नकोस. दर ओळीत एकाच्या तरी डोळ्यांकडे पाहून विचार, "काका, अजून?" आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांब.

प्रश्न विचारण्यावरून गाडगेबाबा आठवले, आपल्या अमरावतीकडचे. गावात आले की आधी खराटा घेऊन झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तनातही लोकांनाच प्रश्न विचारत जायचे. लोक उत्तर द्यायचे, बाबा त्या उत्तरावरून पुढे जायचे. तोंडी परीक्षेत प्रश्न समोरचा विचारणार, हे खरं. पण तो काय विचारतोय ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणं तुझ्याकडेच असतं. तू तो अर्धा असतानाच उत्तर शोधायला पळत असशील, मीही तशीच पळायची.

एवढं करूनही महिनोन् महिने घराबाहेर पडवत नसेल, झोप-जेवण उडालं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर 14416 वर फोन लाव. टेली-मानस. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही यावर उपचार होतात. तिथे जायचं झालं तर मी सोबत येईन, आणि गावात कोणाला कळणार नाही.

शुक्रवारी अंगणवाडीत लसीकरण आहे. दहा वाजता ये, पांदणीने आलास तरी चालेल. यादीतली नावं मोठ्याने पुकारायची आणि मागच्या डोसानंतर बाळाला ताप आला होता का, एवढं प्रत्येक आईला विचारायचं. आणि वजनकाटा वरच्या कडीला टांगायला मला मागच्या खेपेस स्टूल लागला होता, त्याचाही एक पाय डुगडुगतो. तुझा हात तसाच पोचेल.

तुझी,
आशाकाकू