प्रयोगशाळेत रक्त बनतं, मग सांगलीतल्या माझ्या थॅलेसेमियाग्रस्त भाच्याला रक्तदाते लागणारच नाहीत का?

लागतील, आणि अजून बरीच वर्षं लागतील. थॅलेसेमियात शरीर पुरेशा निरोगी तांबड्या पेशी बनवू शकत नाही, म्हणून रक्त वारंवार चढवावं लागतं. मी इथे रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे हा प्रश्न पालकांकडून नेहमी येतो. तुम्ही वाचलेली बातमी खरी आहे: ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये दात्याच्या रक्तातल्या मूळ पेशींपासून (ज्यांच्यापासून रक्तातल्या इतर पेशी तयार होतात) वाढवलेल्या तांबड्या पेशी पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला दिल्या गेल्या. पण किती? एक-दोन चमचे. सुमारे ५ लाख मूळ पेशी जवळपास तीन आठवडे वाढवून ५,००० कोटी तांबड्या पेशी झाल्या आणि गाळून वापरण्याजोग्या १,५०० कोटी उरल्या. त्यासाठी २४ लिटर पोषक द्रव लागला. आपल्या एका पिशवीत साधारण २ लाख कोटी तांबड्या पेशी असतात, म्हणजे शंभरपटीहून जास्त. खर्चाचा अंदाज यावरूनच येईल. शिवाय सुरुवात दात्याच्याच रक्तापासून होते, हे बातम्यांत मागे पडतं.

तरीही हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. सगळ्या पेशी ताज्या असल्याने त्या शरीरात जास्त टिकतील आणि रक्त कमी वेळा चढवावं लागेल, त्यामुळे चढवलेल्या रक्तातून शरीरात साठणारं लोहही कमी राहील, अशी आशा आहे. पण पहिला उपयोग बहुधा बॉम्बे रक्तगटासारख्या दुर्मिळ गटांना होईल.

तूर्त भाच्याची लोह कमी करणारी औषधं चुकवू नका, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असल्याने शिबिरं कमी होतात, तेव्हा नातेवाइकांना रक्तदानाला आणा.