किलोवॅट-तास की किलोवॅट प्रति तास?

प्रश्न असा आलाय की घरच्या सोलरच्या कोटेशनमध्ये "३ किलोवॅट सिस्टिम" आणि खाली "५ किलोवॅट अवर बॅटरी" असं लिहिलंय, बातम्यांमध्ये मात्र "किलोवॅट प्रति तास" वाचायला मिळतं, तर मराठीत बरोबर काय आणि हे सगळं एकच आहे का?

एकच नाही, आणि "किलोवॅट प्रति तास" तर सरळ चूक आहे. वॅटच्या पोटात 'दर सेकंदाला' आधीच आलंय, १ वॅट म्हणजे सेकंदाला १ ज्यूल ऊर्जा. त्याला वर प्रति तास लावलं की अर्थ होतो शक्ती दर तासाला तेवढी वाढत चाललीय, जे कुणालाच सांगायचं नसतं. इथे भागाकार नाही, गुणाकार आहे. रोजगार हमीच्या कामावर मनुष्यदिवस मोजतात बघा, १० माणसं ५ दिवस राबली की ५० मनुष्यदिवस, तिथे कुणी "मनुष्य प्रति दिवस" लिहीत नाही. किलोवॅट-तास हा शब्द तसाच घडलाय. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास सतत तापला की १ किलोवॅट-तास, आणि लाईट बिलावरचं १ युनिट म्हणजे नेमकं हेच. त्याच बिलावर 'मंजूर भार' असतो, तो किलोवॅटमध्ये.

पाठ्यपुस्तकात पॉवरला (किलोवॅट) शक्ती आणि एनर्जीला (किलोवॅट-तास) ऊर्जा हे शब्द पक्के ठरलेत, पण बोलताना आपण दोन्ही कसेही वापरतो. माझ्या मते खरा घोळ 'क्षमता' या शब्दाने होतो. पॅनलची क्षमता, इन्व्हर्टरची क्षमता, बॅटरीची क्षमता, सगळीकडे एकच शब्द आणि मोजमाप मात्र वेगळं. "१०० मेगावॅट क्षमतेची बॅटरी" एवढंच लिहिलं तर ती किती वेळ पुरणार ते कळतच नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये जी मोठी बॅटरी बसवली ती १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तासांची होती, म्हणजे पूर्ण जोरात चालवली तर सव्वा तासाच्या आसपास. दोन्ही आकडे दिले तरच बातमी पूर्ण होते.

आपले वायरमन हा फरक बरोबर पाळतात, ते विचारतात "लोड किती? बॅकअप किती पाहिजे?" लोड म्हणजे किलोवॅट, आणि बॅकअपचे तास त्या लोडने गुणले की किलोवॅट-तास. तुमच्या कोटेशनमधला इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा धरला तर २ किलोवॅटचा गिझर आणि दीड किलोवॅट खेचणारा एसी लाईट गेल्यावर एकदम चालणार नाहीत, बॅटरी फुल्ल असली तरी. पण पंखे, दिवे, फ्रिज मिळून ३०० वॅटच धरले तर तीच ५ युनिटची बॅटरी पंधराएक तास काढेल. तेव्हा बॅटरीसाठी मी 'साठवण ५ किलोवॅट-तास' असंच लिहीन, क्षमता नको.

पॅनलचे ३ किलोवॅट हेही कमाल आहेत, चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनलच्या सेलचं तापमान २५ अंश अशा टेस्टमधले. आपल्याकडे भर उन्हात पॅनल त्याहून खूप तापतं आणि तापलं की उत्पादन घटतं. वर्षाची सरासरी काढली तर महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट पडतात, म्हणजे तुमचे १२च्या आसपास, पावसाळ्यात कमी.

राहिलं ते जुन्या बॅटरीवरचं एएच. अँपिअर-अवर हाही गुणाकारच, पण त्यात व्होल्ट नाहीत, म्हणून नुसत्या एएचवरून दोन बॅटऱ्यांची तुलना करू नका. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, १.८ युनिट, आणि लेड अ‍ॅसिड असेल तर ती टिकावी म्हणून त्यातलं निम्म्याच्या आसपासच वापरायचं असतं. कोटेशन देणाऱ्याकडून वापरता येणारे किलोवॅट-तास वेगळे लिहून घ्या.