५० गणितं, ९० मिनिटं

दिवाळी सरली की सीईटीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, गणिताबद्दलचे प्रश्न वाढतात. बहुतेकांचं दुखणं एकच: वेळ पुरत नाही. त्यांतले पाच प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न: मी देवगडला बारावी सायन्सला आहे. घरी बसून गणितं सुटतात, पण सराव परीक्षेत बत्तीस-तेहेतीसपर्यंत पोचते आणि वेळ संपते. वेग कसा वाढवू?

वेगाचं नंतर बघू. आधी वेळ कुठे सांडते ते शोध. ९० मिनिटं भागिले ५० म्हणजे एका गणिताला १ मिनिट ४८ सेकंद, हा हिशेब तुला सगळ्यांनी सांगितला असेल. तो फसवा आहे. लॉजिकमधलं एखादं निगेशन अर्ध्या मिनिटात होतं, तर थ्री-डीमधलं दोन रेषांचं शॉर्टेस्ट डिस्टन्स चार मिनिटं खातं, आणि गुण दोन्हींना दोनच.

पुढच्या सराव परीक्षेत रफ कागदाच्या कडेला प्रत्येक गणित सुरू केल्याची वेळ लिही. मी वर्गात हे करून घेतो तेव्हा बहुतेक मुलांचं एकच निघतं: सात-आठ गणितांनी अर्धा तास गिळलेला असतो, आणि त्यांतली निम्मी चुकलेली असतात. हातात घेतलेलं गणित अर्धवट टाकवत नाही आपल्याला, चिकटपणा नडतो. म्हणून नियम कर: तीस सेकंदांत पहिली पायरी सुचली नाही, तर खूण करून पुढे. पन्नासावा प्रश्न पंचावन्नाव्या मिनिटापर्यंत एकदा डोळ्यांखालून गेलाच पाहिजे. सोपी गणितं शेवटी असतील तर ती तुझी वाट बघत बसतात.

दुसरी गळती पद्धत ठरवण्यात असते. शून्य ते पाय बाय टू या मर्यादांत, वर रूट साइन एक्स आणि खाली रूट साइन एक्स अधिक रूट कॉस एक्स, असं इंटिग्रल घे. सब्स्टिट्यूशन करायला गेलीस तर पान भरेल. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स ठेव आणि दोन्ही रूपांची बेरीज कर. वर-खाली सारखं होतं, दुप्पट उत्तर पाय बाय टू, म्हणून उत्तर पाय बाय फोर. वीस सेकंद. हात तेवढाच चालतो, फक्त ओळख लवकर पटते. त्यासाठी रोज दहा मिनिटं वीस प्रश्न नुसते वाचायचे आणि पद्धत तोंडी सांगायची. पेन हातात धरायचं नाही.

शेवटची पाच मिनिटं राहिलेल्या प्रश्नांसाठी. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा ठेवू नकोस. आठ ठिकाणी डोळे झाकून पर्याय निवडलास तरी सरासरी दोन बरोबर येतात, म्हणजे चार गुण.

आणि गणिताचा सराव सकाळी ताज्या डोक्याने करत असशील, तर तो खोटा सराव आहे. खऱ्या पेपरात पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची जातात, मग गणित उघडतं. तिथे वाचवलेली मिनिटं इकडे आणता येत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी तीन तास सलग बस.

प्रश्न: गुहागरजवळच्या गावातून चिपळूणला येतो. जाऊन-येऊन रोज तीन तास एसटीत. वळणांवर पुस्तक उघडलं की मळमळतं.

मग उघडू नकोस. सकाळच्या फेरीत डोळे मिटून आठवायचं: काल केलेल्या प्रकरणाची सूत्रं, एकापाठोपाठ एक. जे अडलं तेवढंच उतरल्यावर वहीत बघ. वाचलेल्यापेक्षा आठवलेलं जास्त टिकतं. संध्याकाळच्या गाडीत झोप. खरंच झोप. घरी पोचून पेंगत दोन तास बसण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न: दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीईटीचं गणित वाचायलाच मला वेळ लागतो.

फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून घेता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतूनच असतो, हे अनेकांना फार उशिरा कळतं. पण गणिताची इंग्रजी छोटी आहे. ‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘विदाउट रिप्लेसमेंट’, ‘कोलिनिअर’ असे साठ-सत्तर शब्द पाच वर्षांच्या जुन्या प्रश्नांतून स्वतः वेचून काढ. प्रोबॅबिलिटीत तर ‘ॲट लीस्ट वन’ दिसलं की ‘एकही नाही’ची शक्यता एकातून वजा करायची, हे शब्दाबरोबरच डोक्यात बसायला हवं.

प्रश्न: अकरावीचं सगळं परत करायचं का?

नाही. सुमारे २० टक्के भार अकरावीचा, म्हणजे दहाएक गणितं, तीही ठरावीक प्रकरणांतून. रविवार त्यांना द्या, बाकीचे दिवस बारावीला.

प्रश्न: आमची हापूसची बाग आहे. सीईटी एप्रिल-मेमध्ये, नेमकी पेट्या भरायच्या दिवसांत. मुलाला पूर्ण मोकळं ठेवायला माणसं मिळत नाहीत. काय करावं?

पूर्ण मोकळं ठेवू नका. दिवसभर पुस्तकापुढे बसवलेला मुलगा चौदा तास अभ्यास करतो, असं मला आजवर दिसलेलं नाही. मात्र काम ठरलेल्या वेळेचं द्या. हॉल तिकिटावर सकाळची पाळी आली, तर सकाळ त्याची, दुपारनंतरची वर्गवारी आणि पेट्या तुमच्याबरोबर. दुपारची पाळी असेल तर उलट. ‘जरा ये रे, गाडी लागलीय’ ही हाक मात्र बंद. अर्धा तास मोडला की त्यामागे पाऊण तास जातो.

आपल्याकडचं वर्ष तसं आधीपासून ठाऊक असतं. गणपतीत अभ्यास होत नाही. शिमग्यात पालखी दारात येते त्या दिवशी तर नाहीच, आणि ते दिवस बोर्डाच्या पेपरांच्या आसपासच येतात. तरीही दरवर्षी मुलं त्या दिवसांवर धडे लिहून ठेवतात आणि मग मागे पडल्याचं दुःख करतात. वेळापत्रक करताना हे दिवस आधीच कोरे सोडा. तुमच्या बागेचे दिवस तर तुम्हाला मोहोर आल्यावरच कळतात. तेव्हाच मुलाला शेजारी बसवून कॅलेंडरवर खुणा करा.