आजोबांच्या जुन्या फियाटचा तीन अक्षरी क्रमांक मला मिळेल का, आणि तो नव्या मोटारीला लावता येईल का?

आपण लिहिले आहे की आजोबांनी १९६८ साली घेतलेली फियाट गावी ताडपत्रीखाली उभी आहे, आजोबा जाऊन अकरा वर्षे झाली तरी आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि ‘एम’ने सुरू होणारा तो तीन अक्षरी क्रमांक आपल्याला आता नव्या मोटारीवर हवा आहे, कारण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मावसभावाने तिथे असेच केले आहे.

क्रमांक टिकवता येईल, पण तो त्या फियाटवरच टिकेल. नव्या मोटारीला तो मिळणार नाही.

मावसभावाने केले ते तिथल्या कायद्यात बसते. ब्रिटनमध्ये एका वाहनावरचा क्रमांक शुल्क भरून दुसऱ्या वाहनावर नेता येतो किंवा कागदोपत्री स्वतःकडे राखून ठेवता येतो; तो तिथेही कोणाच्या मालकीचा होत नाही, फक्त वापरण्याचा हक्क मिळतो, आणि गाडी आहे त्यापेक्षा नवी भासेल असा क्रमांक तिला लावता येत नाही. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी अधिकारी क्रमांक देतो तो वाहनाला, आणि मालक बदलला तरी क्रमांक वाहनासोबत जातो. काही राज्यांनी जुन्या गाडीचा पसंतीचा क्रमांक नव्या गाडीसाठी राखण्याची सोय अलीकडे केली आहे. आपल्या नव्या मोटारीला मात्र क्रमांक मिळेल तो एमएच आणि कार्यालयाच्या अंकांनी सुरू होणाऱ्या, सध्या चालू असलेल्या मालिकेतलाच. त्या मालिकेत आजोबांच्या क्रमांकाचे चार अंक अजून कोणी घेतले नसतील, तर पसंतीच्या क्रमांकाचे शुल्क भरून ते आपल्याला मिळवता येतील. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी तसे केले आहे.

आता फियाटविषयी, कारण खरे काम तिथेच आहे. तीन अक्षरांचे हे क्रमांक १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या काळातले. मुंबई राज्य असताना ते ‘बी’ने सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’ने, आणि गोव्यात ‘जीडी’ने. १ जुलै १९८९ पासून नवा कायदा लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचे अंक अशी आजची पद्धत आली. त्यानंतर तीन अक्षरांचे नवे क्रमांक देणे बंद झाले. म्हणजे जे क्रमांक आज शिल्लक आहेत, ते केवळ ती वाहने आणि त्यांचे कागद कोणीतरी जपले म्हणून शिल्लक आहेत. आपली गाडी त्यांपैकी एक आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

पहिले काम म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करणे. नोंदणीकृत मालकाचे निधन झाल्यास वारसाने तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे, तेव्हा दंड भरावा लागेल, पण त्यामुळे हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी बुक, विमा, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे एवढे तरी जमवावे लागेल. काका, आत्या, त्यांची मुले अशी सर्वांची संमती एकदाच आणि लेखी घ्यावी. माझ्या अनुभवात कार्यालयापेक्षा जास्त महिने घरातच जातात. आरसी बुक हरवले असल्यास आधी पोलिसांकडे नोंद करून नमुना २६ मध्ये दुय्यम प्रत मागावी लागते.

पण त्याहीपूर्वी एक गोष्ट तपासावी, आणि इथे मी थोडे सविस्तर सांगतो, कारण माझे पाच महिने यातच गेले. माझ्या वडिलांची १९६६ ची फियाट ११०० डी मी नावावर करायला घेतली तेव्हा आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक आणि प्रत्यक्ष चेसिसवर ठोकलेला क्रमांक यांत एका अंकाचा फरक निघाला. कधीतरी बुकाची नवी प्रत काढताना लिहिणाऱ्याच्या हातून तीनाचा आठ झाला होता. निरीक्षकांनी गाडी परत पाठवली आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही; चेसिस क्रमांक जुळत नसलेली गाडी हीच ती गाडी, असे त्यांनी कशाच्या आधारावर मानायचे? शेवटी मी ज्या कार्यालयात पहिली नोंदणी झाली होती तिथे अर्ज करून मूळ नोंदवहीतला उतारा काढला, ज्याला सगळे ‘बी एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. त्यात अंक बरोबर होता. आईच्या ट्रंकेत जपलेली विम्याची जुनी पावती त्याला जोडली, तेव्हा दुरुस्ती झाली. मगच ती नोंद संगणकावरच्या ‘वाहन’ प्रणालीत चढली. जुन्या गाड्यांच्या नोंदी तिथे बहुधा नसतातच, त्या बॅकलॉग म्हणून नव्याने भराव्या लागतात. आणि तिथे नोंद नसेल तर पुढचे कोणतेही काम, अगदी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी मागवणेसुद्धा, पुढे सरकत नाही.

इंजिनाचेही तसेच. त्या काळातल्या कित्येक फियाटांना पुढे डिझेल इंजिने बसवली गेली आणि त्याची नोंद बुकावर करून घेतली गेली नाही. आपल्या गाडीचे इंजिन मूळचेच आहे का, हे एखाद्या जुन्या, जाणत्या मिस्त्रीला दाखवून आधीच पाहा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

रस्ते दोन आहेत. गाडी नेहमीसारखी चालवायची असेल, तर नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते: तपासणी, पर्यावरण कर, थकलेले शुल्क, सगळे त्यात आले. २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्कच २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले आहे. दुसरा रस्ता जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, आणि चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, आणि त्यानंतरच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला क्रमांक मिळतो. मात्र आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो, आणि आपल्यासाठी सगळे महत्त्व या एका तरतुदीला आहे. म्हणून अर्जात मूळ क्रमांक कायम ठेवण्याची मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी आणि पोच घ्यावी. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती आणि त्यासाठीची ये-जा एवढीच मुभा आहे. मी स्वतः हाच रस्ता घेतला. गाडी वर्षातून चार-पाच वेळाच निघते, पण वडिलांनी रंगवून घेतलेली तीच अक्षरे घेऊन निघते.

दोन चुका कृपया करू नका. गाडी परराज्यात कायमची नेऊ नका: नेहमीच्या नोंदणीवरची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवली की तिथला क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जिल्हा बदलला तर असे होत नाही. आणि ‘गाडी भंगारात द्या, नंबर आम्ही दुसऱ्या फियाटवर चढवून देतो’ असे सांगणाऱ्या कोणाचेही ऐकू नका. नोंदणी रद्द झाली की क्रमांकही गेला, आणि एका गाडीचे कागद दुसऱ्या चेसिसला जोडणे हा गुन्हा आहे. जुन्या बाजारात मिळणाऱ्या तीन अक्षरी पाट्या भिंतीवर लावायला चालतील, गाडीवर नाही.

या आठवड्यात आपण गावी जाणार असाल, तर गाडी धुण्याआधी किंवा रंगाला देण्याआधी चेसिस क्रमांकावर पातळ कागद ठेवून त्याची पेन्सिल प्रिंट घ्या, इंजिन क्रमांकाचे छायाचित्र काढा आणि दोन्ही आरसी बुकाशी अंकागणिक ताडून पाहा. फरक निघाला तर तो इथेच लिहा. दुरुस्तीच्या अर्जाचा माझा मसुदा मी आपल्याला देईन.